आमच्या बाजूचा अकरा

गुणफलकाची शिडी मी एकोणीस हिवाळे चढते आहे.
खाली मैदानाकडे तोंड करून गाड्या, काचा धुक्याने आंधळ्या,
पलीकडे गव्हाची चार उंच सिमेंटची कोठारं,
आणि माझ्या हाताशी खिळ्यांना अडकवलेले गोलांचे पत्रे:
पाहुण्यांचे एक ते तीस,
आमचेही एक ते तीस.
ज्याने कुणी ते रंगवले
तो मोठा आशावादी असणार.

पाहुण्यांचा एकवीस बघा, कडा झिजून चकचकीत.
अठराचा तर रंगच उडालाय माझ्या अंगठ्याने.
आमच्या बाजूला सातपर्यंत हाताचे डाग,
आठपासून पुढे
दुकानातून कालच आणल्यासारखे कोरे.

हरण्याचंही वळण पडतं अंगाला.
शंभर गुणांनी हरणं सोपं.
दुसऱ्या क्वार्टरनंतर मॅच कुणी बघतच नाही,
बायका गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतात,
म्हातारा क्लॅरी सॉसेजं उलटत कांद्याचा धूर खातो,
आणि शेवटी चुकूनमाकून एखादा गोल झालाच
तर सगळ्या गाड्या असे हॉर्न वाजवतात
की कुणाचं तरी लग्न लागलंय.

आमचा खेळ तसा दयाळू.
मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा,
बाजूने हुकला, तरी एक.
हुकण्यालाही गुण देणारं दुसरं काही
मी पाहिलं नाही. शाळेत तर नव्हतंच.
त्या एकेकावर जगलो आम्ही.

मग ऑगस्टातला तो शनिवार.
टालबूटची अर्धी पोरं तापाने अंथरुणात,
आणि आमचा कोबी, लोकर कातरायला जातो तो,
ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही,
त्याने तिसऱ्या क्वार्टरमध्ये चार मारले.
आठ. नऊ. दहा.
पत्रे हातात गार, अनोळखी.
अकरा काढला तर मागे
कुंभारमाशीचं मातीचं घर,
वाळलेलं, कधीचं रिकामं.
नखाने खरवडलं आणि टांगला.
इतकी वर्षं पत्रे टांगले मी,
जीव टांगणीला लागणं त्या दिवशी कळलं.

बहात्तर. बहात्तर.
भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्यांच्या एका पोराच्या हातात.
लाल कानांचं पोर, सतरा वर्षांचं असेल.
झेल त्याने आधी घेतला होता,
म्हणून वेळ संपली तरी लाथ त्याची.
एकही इंजिन सुरू नव्हतं.
कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवत होतं,
तेवढं वर ऐकू आलं.
चेंडू उडाला, वाकला, खांबाला लागला. ठण्ण.
हुकला!
आम्ही ओरडलो, खरंच ओरडलो,
आणि मग गोलच्या पंचाने शांतपणे
एकच निशाण उचललं.
त्र्याहत्तर.
तीनचा पत्रा मीच लावला, माझ्याच हाताने.

रात्री रॉस म्हणाला, नोलीन, एका गुणाचं काय घेऊन बसलीस,
मागच्या वर्षी ह्यांनीच आपल्याला एकशे बाराने धुतलं होतं.
मी म्हटलं, तेव्हा मला झोप लागली होती.

मॅच संपली की सगळे पत्रे उतरवायचे, असा क्लबचा नियम.
पाहुण्यांचे उतरवले.
आमचे राहिले. म्हणजे, राहू दिले.
आठवडाभर रस्त्यावरून दिसत होतं:
मेरिंगूल अकरा, सहा, बहात्तर,
आणि समोर काहीच नाही.
वर फळीवर गुलाबी काकाकुवे बसलेले.
बुधवारी शाळेची बस तिथे जरा रेंगाळली म्हणे.
ड्रायव्हर त्रिशला विचारलं, तर म्हणाली,
छे, खड्डा होता.

पुढच्या शनिवारी चिखल, गुडघाभर.
चौऱ्याण्णवने हरलो.
सोपं गेलं.
फक्त खाली उतरण्याआधी
बाराचा पत्रा जरासा उचलून
मागे काही आहे का,
तेवढं डोकावून पाहिलं.